कोड, कुष्ठ आणि आवर घालणाऱ्या पेशी

आत्याच्या हातावर पांढरे डाग दिसू लागले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. साल १९८०च्या आसपासचं. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा १९९८मध्ये झाला. ठरलेलं लग्न मोडलं. विहिरीवर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर लांब ठेवू लागल्या. कुणी म्हणे कोड, कुणी म्हणे महारोग. गावाच्या लेखी दोन्ही एकच.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. या दुसऱ्या कोडाचा इतिहास शोधायला बसलो, तेव्हा कळलं की गावानं एक मानलेले हे दोन आजार जवळजवळ उलट टोकांचे आहेत.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सेननं तो जंतू १८७३मध्येच पाहिला होता. कोड मात्र संसर्गानं होतच नाही. त्यात आपल्याच टी-पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारतात.

कुष्ठाचं एक कोडं होतं. जंतू तोच, पण एखाद्याला मोजके चट्टे येतात आणि तिथेच रोग अडतो. दुसऱ्याच्या त्वचेत मात्र जंतूंचा सुकाळ असतो आणि प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे बघतही नाही. बहुतेकांना तर तो होतच नाही. बाबा आमट्यांनी कोलकात्यात शिकताना कुष्ठाचे जंतू स्वतःला टोचून घेतले होते. त्यांना रोग झाला नाही.

मग काहींच्या शरीराला गप्प कोण बसवतं? १९७०च्या दशकात उत्तर आलं: प्रतिकाराला दाबणाऱ्या 'सप्रेसर' टी-पेशी. १९७९मध्ये विजय मेहरा, बॅरी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांमध्ये अशा पेशींचा पुरावा मांडला. पण पुढे या पेशींसाठी गृहीत धरलेला जनुक अपेक्षित जागी सापडलाच नाही. सगळी कल्पनाच बदनाम झाली.

जपानच्या शिमोन साकागुचींनी मात्र पिच्छा सोडला नाही. १९९५मध्ये त्यांनी दाखवलं की सीडी२५ ही खूण असलेल्या टी-पेशी काढून टाकल्या, की उंदराचं शरीर स्वतःवरच हल्ला चढवतं. दुसरा धागा अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला. तिथे १९४९मध्ये काही नर उंदीर खवल्यांसारखी, सोलवटलेली त्वचा घेऊन जन्मले आणि काही आठवड्यांतच मेले. त्याच वर्षी इकडे वरोऱ्यात बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्या उंदरांमधला बिघडलेला जनुक, फॉक्सपी३, मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१मध्ये सापडला. साकागुचींच्या पेशी घडवणारा जनुक हाच, हे २००३मध्ये स्पष्ट झालं. २०२५चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

या झाल्या नियामक टी-पेशी. प्रतिकारशक्तीला 'आता पुरे' म्हणणाऱ्या. कोडात त्या त्वचेपर्यंत कमी पोहोचतात, असं आढळलंय. म्हणून हल्लेखोर पेशींना आवर राहत नाही. उलट जंतूंनी भरलेल्या कुष्ठात त्या वाढलेल्या दिसतात. दिल्लीत इंदिरा नाथ आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये तसं नोंदवलं. एकीकडे ब्रेक सैल, दुसरीकडे गच्च. दोन्ही आजारांत एवढंच एक कारण नाही. पण सप्रेसरवाल्यांची शंका अगदीच खोटी नव्हती.

माणसांनी केलेला बंदोबस्त मात्र सरसकट होता. निराधार कुष्ठरुग्णांना डांबून ठेवता येईल असा कायदा इंग्रजांनी १८९८मध्ये केला. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठ हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९मध्ये. आमच्या गावापासून काही तासांवर, अमरावतीत, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्येच तपोवन उभं केलं होतं. तिथे रुग्ण कामं करत, संसार करत. ती बातमी आमच्या विहिरीपर्यंत पोहोचली नाही.

गेल्या दिवाळीत आत्याला हे सगळं मोबाइलवर चित्रं दाखवत सांगितलं. तिनं लग्न केलं नाही. भावाच्या घरीच राहिली, मला तिनंच वाढवलं. उंदरांचं तिला फार काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "हे लागत नाही, हे तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग गावाले कोनी काहून नाही सांगतलं?"