धान्याची वाट

दुष्काळाचा इतिहास लिहिणारे बहुधा पावसाचे इंच मोजत बसतात. आमच्या बीड जिल्ह्यापुरता तरी पावसापेक्षा वाटेचा इतिहास अधिक बोलका आहे, असे मला वाटत आले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस इथे नेहमीचाच उणा. खरा प्रश्न असे तो हा, की दुसरीकडे पिकलेला दाणा इथल्या चुलीपर्यंत आणावयाचा कोणी आणि त्याचे मोल मोजावयाचे कोणी?

आगगाडीच्या आधी हे काम बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे किनाऱ्याकडून मीठ आणीत आणि देशावरून धान्य नेत. मोठ्या तांड्यात हजारो बैल असत. 1803 साली वेलस्ली दख्खनेत लढत होता, तेव्हा त्याच्या फौजेची रसदही याच तांड्यांवर अवलंबून होती. पुढे सडका झाल्या, रूळ आले आणि बैलाच्या पाठीवरल्या गोणीला गिऱ्हाईक उरले नाही. गंमत अशी, की रूळ आले ते आमच्या शेजारी. जुनी वाट मोडली आणि नवी दारापर्यंत पोहोचलीच नाही.

1897 साली बार्शीला छोटी आगगाडी सुरू झाली. म्हणजे दाणा बार्शीपर्यंत येऊ शकत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1899-1900 चा दुष्काळ पडला. बीड तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात. 1891 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती सहा लाखांच्या वर होती. 1901 साली ती पाच लाखांच्या आत आली. उपासमार आणि तिच्या पाठोपाठ येणारी पटकी यांनी माणसे नेली, उरलेली परागंदा झाली. बार्शीचे स्टेशन काही मुक्कामांवर होते. पण ज्याच्या कनवटीला पैसा नाही, त्याला ते विलायतेइतकेच दूर.

याच्याशी 1972 ताडून पाहावे. एकामागून एक हंगाम बुडाले होते. 1972-73 मध्ये राज्यातील धान्याचे पीक नेहमीच्या निम्म्याहूनही खाली घसरले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने पाझर तलाव, बंधारे, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे काढली. ऐन भरात, 1973 च्या उन्हाळ्यात, राज्यभर या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. बायका हातोडी घेऊन खडीवर बसल्या. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्याही बसल्या, आणि उन्हात बसलेल्या बाईला जात विचारणारे तोंड त्या वर्षी जरा बंद झाले, असे आमची आजी सांगे. कामावर सुकडी मिळे. रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, येई. तिची भाकरी थापताना फाटे, तव्यावर टाकताना तुटे. आजी म्हणे, "भाकर कसली, लेकरा, मातीचं ढेकूळ! पण पोटात गेली." मिलोला आमच्या लोकांनी पोट भरून शिव्या दिल्या. मला यात कृतघ्नपणा दिसत नाही. शिव्या द्यायला माणसे जिवंत राहिली होती!

मी मॅट्रिक झालेला मास्तर. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण या दुष्काळाविषयी ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने लिहिलेले मनाला पटते. रेशनचा पुरवठा गरजेच्या मानाने तोकडा होता. परराज्यातून खाजगीरीत्या धान्य आणण्यास बंदी होती. तरीही धान्य आले, चोरवाटांनी आले, कारण खडी फोडणाऱ्याच्या हातात आठवड्याची मजुरी पडत होती. पैसा गावात गेला आणि त्याच्या मागे दाणा गेला. वि. स. पागे यांनी 1965 पासून जिचा आग्रह धरला होता, त्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यामागे या खडीचा आवाज होता.

औषधाची वाट धान्याच्या वाटेहूनही कच्ची. सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही मोठीच गोष्ट. पण याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण एवढे वाढले, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा झाला तर मजुरी कापली जाते. म्हणून दुखणे मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला बाईला स्वस्त वाटतो.

शाळेत 1995 साली पोषण आहार आला, तो महिन्याला तीन किलो तांदूळ, हजेरी भरेल त्याला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. तांदळाचे पोते उशिरा आले तर दुपारनंतरच्या वर्गात शिकवणे काय असते, ते आम्हा मास्तरांना विचारावे.

17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी सुरू झाली. बार्शीच्या गाडीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! परळीला रूळ होते, ते जिल्ह्याच्या एका टोकाला. हे पान आपल्या हाती पडेल, तेव्हा दिवाळीचा फराळ उरकून टोळ्या ऊसतोडीला निघालेल्या असतील. त्यांत वंजारी आहेत, लमाण आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी दख्खनचे धान्य वाहिले, तेच आता दुसऱ्यांच्या साखरेचा ऊस तोडतात. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असते. त्याची यादी करायला आम्ही तांड्यावर जातो, तेव्हा म्हाताऱ्या आज्या पहिला प्रश्न एकच विचारतात: "गुरुजी, दोन्ही टायमाला द्याल ना?"