कॉलेज स्कोअरकार्ड

कॉलेज स्कोअरकार्ड : अमेरिकेतील महाविद्यालयांचा खर्च, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज आणि शिक्षणानंतरची मिळकत यांची आकडेवारी एका ठिकाणी मांडणारा, तेथील संघीय शिक्षण विभागाचा सार्वजनिक माहितीसाठा. त्याचे त्रोटक रूप फेब्रुवारी २०१३ मध्ये आले. आजचे विस्तृत रूप १२ सप्टेंबर २०१५ रोजी खुले झाले. यातील सर्व आकडे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि आपल्या संगणक-प्रणालीत वापरता येतात. ज्या घरातून आधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्या घरातल्या मुलाला प्रवेश घेण्यापूर्वीच खरा खर्च आणि खरे फलित कळावे, हा त्यामागचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : ८ नोव्हेंबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, स्वतः शिकलेल्या कॉलेजात, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. या कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखाली विद्यार्थ्यांना संघीय मदत मिळते. गरीब विद्यार्थ्यांसाठीचे, परत न करावे लागणारे अनुदान १९७२ मध्ये सुरू झाले. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्यावरून १९८० पासून ते ‘पेल ग्रँट’ म्हणून ओळखले जाते. सरकारी पैसा येऊ लागला तसा हिशेबही मागितला जाऊ लागला. १९८० च्या दशकात ‘आयपेड्स’ ही आकडेवारी-यंत्रणा उभी राहिली. संघीय मदतीस पात्र असलेल्या प्रत्येक संस्थेला प्रवेश, फी, प्राध्यापकवर्ग, पदव्या यांचे आकडे दरवर्षी तिच्याकडे द्यावे लागतात.

यात व्यक्तिगत विद्यार्थ्याची नोंद मात्र नसते, संस्थेची एकत्रित बेरीज असते. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रवास एका कॉलेजातून दुसऱ्यात आणि पुढे नोकरीपर्यंत जोडणारी संघीय नोंदवही असावी, असा प्रस्ताव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आला होता. खासगीपणाची भीती आणि खासगी महाविद्यालयांचा विरोध यांमुळे २००८ च्या कायद्याने अशी नोंदवही करण्यासच मनाई केली. स्कोअरकार्डमधील बहुतेक उणिवांचे मूळ या मनाईत आहे. नोंदवही नाही, म्हणून शिक्षण विभागाने कर्ज आणि अनुदान घेणाऱ्यांच्या आपल्याकडच्या नोंदी कर खात्याच्या नोंदींशी जुळवल्या आणि त्यातून मिळकतीचे आकडे काढले. साहजिकच ज्यांनी संघीय मदत घेतलीच नाही, ते विद्यार्थी या आकड्यांत नाहीत.

अध्यक्ष बराक ओबामा यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये बफलो येथे याहून मोठी योजना जाहीर केली होती : सरकारने महाविद्यालयांची प्रतवारी करावी आणि पुढे संघीय मदत तिच्याशी जोडावी. महाविद्यालयांनी कडाडून विरोध केला. २०१५ मध्ये प्रतवारी बाजूला पडली आणि श्रेणी न लावता नुसते आकडे प्रसिद्ध झाले.

आकड्यांचे स्वरूप : सर्वांत उपयोगी आकडा ‘निव्वळ खर्चा’चा. फी, राहणे, जेवण, पुस्तके यांच्या एकूण खर्चातून अनुदाने व शिष्यवृत्त्या वजा केल्यावर उरतो तो निव्वळ खर्च. तो कुटुंबाच्या उत्पन्नानुसार पाच गटांत दिलेला असतो. सर्वांत खालचा गट वर्षाला ३०,००० डॉलरपर्यंतचा, सर्वांत वरचा १,१०,००० च्या पुढचा. छापील फी पाहून घाबरलेल्या पालकांसाठी हा तक्ता मोलाचा आहे. काही श्रीमंत खासगी विद्यापीठांची जाहीर फी डोळे फिरवणारी असते, पण गरीब घरच्या मुलाला ती राज्यातल्या सरकारी विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडतात, हे त्यात दिसते. अर्थात तेथे प्रवेश मिळणाऱ्या गरीब मुलांची संख्या थोडी असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी करनोंदींच्या आधारे २०१७ मध्ये दाखवून दिले, की ३८ महाविद्यालयांत सर्वाधिक उत्पन्नाच्या १ टक्का घरांतून आलेले विद्यार्थी तळच्या ६० टक्के घरांतून आलेल्यांपेक्षा जास्त होते.

पदवी पूर्ण करणाऱ्यांचा आकडा जपून वाचावा लागतो. १९९० च्या कायद्यानुसार तो नेमलेल्या मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत, पूर्ण करणाऱ्यांचा असतो. त्यात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. ओबामा यांनी लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात सुरुवात केली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९८३ मध्ये पदवी घेतली. या मोजणीने ते ऑक्सिडेंटलमध्ये अपयशी ठरतात आणि कोलंबियाच्या यशात त्यांची गणतीच होत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे, मुलेबाळे झाल्यावर परत आलेले, दुसरीकडून बदलून आलेले, अशांसाठी आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा करणारी वेगळी मोजणी आयपेड्सने २०१५-१६ पासून जोडली. सामुदायिक महाविद्यालयांच्या बाबतीत ती न पाहता निष्कर्ष काढणे हा त्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

मिळकतीचा आकडा मध्यक स्वरूपात येतो आणि पहिल्या काही वर्षांत तो सबंध संस्थेचा असे. एकाच विद्यापीठातली संगणकशास्त्राची आणि बालशिक्षणाची मिळकत एकत्र मिसळल्यावर हाती काय लागणार? २०१९ पासून अभ्यासक्रमनिहाय आकडे येऊ लागले. विद्यार्थिसंख्या फार लहान असेल तर व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकला जातो. त्यामुळे छोट्या विभागांच्या रकान्यांत बऱ्याचदा काहीच नसते.

परिणाम : आकडे खुले केले की विद्यार्थी आपोआप चांगली निवड करतील, ही मूळ अपेक्षा अर्धीच खरी ठरली. मायकेल हर्विट्झ आणि जोनाथन स्मिथ यांनी २०१५ नंतर विद्यार्थी आपले सॅट परीक्षेचे गुण कोणत्या महाविद्यालयांकडे पाठवतात ते तपासले. जास्त मिळकत दाखवणाऱ्या महाविद्यालयांकडे ओढा वाढला. खर्चाच्या आणि पूर्ततेच्या आकड्यांनी फारसा फरक पडला नाही. आणि हा बदल मुख्यतः सुस्थितीतल्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांत दिसला. ज्यांच्यासाठी खटाटोप केला, त्यांच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोहोचला.

यापूर्वीच्या एका प्रयोगाने त्याचे कारण सांगून ठेवले होते, आणि या विषयात त्याहून अधिक शिकवणारे काम थोडेच असेल. संघीय मदतीसाठी ‘फॅफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो. तो पूर्वी शंभराहून अधिक प्रश्नांचा होता. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि सहकाऱ्यांनी ओहायो व नॉर्थ कॅरोलायनात कर-विवरणपत्रे भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉक कंपनीच्या कचेऱ्यांत हा प्रयोग केला. कमी व मध्यम उत्पन्नाचे कुटुंब कर भरायला आले, की त्याच विवरणपत्रातली माहिती वापरून कर्मचारी काही मिनिटांत फॅफ्साही भरून देत. दुसऱ्या गटाला किती मदत मिळू शकेल याचा अंदाज आणि जवळच्या महाविद्यालयांच्या फीची माहिती तेवढी दिली. अर्ज भरून दिलेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांमध्ये पुढे दोन वर्षे कॉलेजात टिकणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात उल्लेखनीय फरक पडला नाही. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणून आकडेवारीचा खरा कस लागतो तो ती वापरून कोणाचे काम हलके होते यावर. त्याच २०१२ मध्ये संघीय मदत कार्यालयाने कोणत्या हायस्कुलातून किती फॅफ्सा भरले गेले, याचे आकडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत कोणती शाळा मागे आहे हे त्यातून कळते, आणि समुपदेशक तेथे धावून जाऊ शकतात. आयडाहो राज्याने २०१५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले : राज्याकडे गुणांच्या नोंदी आहेतच, तर मुलाने अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारी महाविद्यालयांतल्या प्रवेशाचे पत्र थेट घरी पाठवायचे. प्रवेश वाढले, विशेषतः सामुदायिक महाविद्यालयांत; पण पेल अनुदानास पात्र मुलांची संख्या फारशी हलली नाही. दार उघडले तरी आत गेल्यावरच्या खर्चाचे ओझे तसेच राहिले, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पूर्ततेच्या बाजूने अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण ठळक आहे. तेथील आकडे सार्वजनिक नव्हते, संस्थेचे स्वतःचे होते. जुन्या विद्यार्थ्यांच्या गुणांवरून पुढे धोका कोठे येतो हे शोधून २०१२ पासून आठशेहून अधिक इशारे ठरवले गेले आणि प्रत्येक इशाऱ्यामागे भेटीला बोलावणारा सल्लागार नेमला गेला. पदवीच्या उंबरठ्यावर असलेली मुले थोड्याशा थकबाकीपायी नाव कमी होऊन बाहेर पडत आहेत, हेही नोंदींतच दिसले. त्यांना न मागता छोटी अनुदाने दिली गेली. २००३ मध्ये ३२ टक्के असलेले पूर्ततेचे प्रमाण पुढे ५० टक्क्यांच्या वर गेले.

जुलै २०२५ च्या संघीय कायद्याने मिळकतीच्या आकड्यांना नियमाचे बळ दिले. ज्या पदवी-अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांची मध्यक मिळकत केवळ हायस्कूल शिकलेल्यांपेक्षा कमी राहील, त्याला तीनपैकी दोन वर्षे तसे घडल्यास संघीय कर्ज बंद होईल. पदवीपूर्व प्रमाणपत्र-अभ्यासक्रम या कलमातून वगळले, ही त्यातली मोठी फट आहे.

भारतीय संदर्भ : अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी स्कोअरकार्ड पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी विद्यार्थ्यांना संघीय मदत मिळत नाही, त्यामुळे त्यातली मिळकत आणि निव्वळ खर्च त्यांना लागू पडत नाहीत. भारतात २०१०-११ पासून ‘आयशे’ हे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण होते. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात ४.३३ कोटी विद्यार्थी आणि ढोबळ पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या आणि नोकरी मिळालेल्यांचा मध्यक पगार देतात, पण हे आकडे संस्थांनी स्वतः कळवलेले असतात, करनोंदींशी ताडलेले नसतात. महाराष्ट्रात केंद्रीभूत प्रवेशाच्या कट-ऑफ याद्या आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी जाहीर असते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. ही माफी वजा केल्यावर वसतिगृह, मेस आणि प्रवास धरून अमुक उत्पन्नाच्या घराला अमुक कॉलेज वर्षाला केवढ्याला पडते, असा तक्ता मात्र कट-ऑफच्या यादीशेजारी छापलेला नसतो.