वेगाची वाट

दसरा आटोपला की नागभीडच्या बाजारपेठेत दोन प्रकारची गर्दी दिसू लागते. एक कापडाच्या दुकानांपुढची, ती जुनी. दुसरी मोबाईलच्या दुकानांपुढची. ती नवी, पण नवलाची म्हणावी इतकी आता नवी राहिलेली नाही. यंदा काही कामाच्या निमित्ताने अशा एका दुकानात तासभर बसण्याचा योग आला. हलक्या धानाची कापणी तोंडावर आलेली. तरीही दोन-दोन, तीन-तीन मुले येत होती आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारून जात होती, "भाऊ, तो नवा फोन कवा येते जी?" फोन अद्याप बाजारात आलेला नव्हता, पण त्याच्या कॅमेऱ्याचे, बॅटरीचे, पडद्याचे आकडे या मुलांना मुखोद्गत होते. शेवटी जंगलालगतच्या एका गावचे वयस्क गृहस्थ आले. त्यांनी एकही आकडा विचारला नाही. ते एवढेच म्हणाले, "या फोनात आमच्या गावाले रेंज भेटन का?" दुकानदार हसला आणि म्हणाला, "काका, फोन माझ्यापाशी आहे, रेंज नाही."

त्या मुलांचा प्रश्न आणि त्या गृहस्थांचा प्रश्न दिसायला वेगवेगळे असले तरी मुळात एकच आहेत. दोघेही वेगाची वाट पाहत होते. आणि इतिहासाच्या अभ्यासकाला हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही की, चांद्याच्या या झाडीमुलखाने वेगाची वाट पाहण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वेग येथे अनेकदा आला. तो कसा आला, कोणासाठी आला आणि ज्यांच्या दारावरून तो गेला त्यांच्या हाती किती लागला, हे पाहण्यासारखे आहे.

तारायंत्रापूर्वीच्या काळी बातमीचा वेग म्हणजे माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांचा वेग, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा केवढा संहार झाला, हे नानासाहेब पेशव्यांना माळव्याच्या वाटेवर असताना कित्येक दिवसांनी कळले. राज्याचे दैव फिरले होते आणि राज्याच्या धन्याला ते ठाऊक नव्हते. राजापासून कुणब्यापर्यंत सर्वांनाच बातमी उशिरा कळे; फरक असलाच तर काही दिवसांचा. वेगाच्या बाबतीत त्या काळी एक प्रकारची समता नांदत होती, असे म्हटले तरी चालेल.

ही समता तारायंत्राने मोडली. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने कलकत्त्यात १८३९ साली तारेचे प्रयोग केले होते. १८५१ च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, आणि पुढच्या चार वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. नेमक्या याच सुमारास नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक निधन झाले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य डलहौसीने खालसा केले. चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. नवे सरकार आणि नवी तार या मुलखात जवळजवळ हातात हात घालून शिरली.

पुढे जे घडले ते या जिल्ह्याच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आहे. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर ताबा मिळविला आणि नांदगाव-घोसरीपाशी इंग्रजांच्या तुकडीशी झुंज दिली. आडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावरील माणसांचा तळ पडला होता, त्यावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी त्यानंतर बाबूरावांचा पाठलाग वाढविला. सप्टेंबरात ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

ही लढाई तारेविरुद्धची होती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती हिरावल्या गेलेल्या सत्तेसाठी आणि जमिनीसाठी होती. पण या मुलखातील माणसांनी वेगाचे ते पहिले साधन कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल, याची कल्पना या प्रसंगावरून येते. ज्या तारेवरून स्वतःचा एक शब्दही जाणार नाही, आणि जिच्यावरून आपल्याविरुद्ध फौज मागविली जाणार आहे, ती तार कोणाला आपली वाटावी? १८५७ च्या धामधुमीत तारायंत्र इंग्रजांच्या किती उपयोगी पडले, हे सर्वश्रुत आहे. काळाची गंमत अशी की, बाबूरावांच्या स्मरणार्थ २००९ साली तिकीट काढले ते टपाल खात्याने. आणि टपाल व तार ही दोन्ही खाती १९८५ पर्यंत एकाच छपराखाली नांदत होती.

दुसरा वेग आला तो रुळांवरून. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ साली नागपूर ते नागभीड ही अडीच फुटी अरुंद मार्गाची गाडी सुरू केली. गोंदियाकडून येणारी वाटही येथेच मिळाली, पुढे ती चांद्याकडे गेली, आणि नागभीड हे जंक्शन झाले. झाडीतील लाकूड, धान आणि माणसे या गाडीने बाहेर जाऊ लागली. नागपुरास इस्पितळ, कचेरी, कॉलेज यांसाठी जाणाऱ्या कित्येक पिढ्या याच डब्यांतून गेल्या. ती गाडी संथ होती, हे खरेच. पण ती प्रत्येक लहान ठेसनावर थांबत असे, आणि ज्याच्या गाठीस तिकिटाचे पैसे असत त्याला ती बसवून घेत असे. तारेहून ती अधिक आपली झाली, याचे कारण वेग नसून हे थांबणे होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली, तेव्हा शेवटच्या फेरीच्या वेळी लोक हळहळले. रुंद मार्गाचा वेग त्यांना नको होता काय? हवाच होता. पण वेग येईपर्यंतच्या काळात जायचे कशाने, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

दरम्यान तार खेड्यापर्यंत पोचली होती; पण खेड्यात 'तार आली' या शब्दांनीच घरात रडे सुरू होई, कारण मरणाखेरीज तार करण्याची ऐपत आणि निकड कोणाला? टेलिफोनची गोष्ट त्याहून दूरची. ट्रंक कॉल नोंदवायचा आणि बसून राहायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन वर्ग असत. म्हणजे वेग हा तेव्हाही पैसे मोजून घ्यायचा माल होता. पुढे एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, आणि रात्री दर उतरतात म्हणून मंडळी जेवणे आटोपून रांगेत उभी राहू लागली. तारेची सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री कायमची संपली. तोवर तिचे काम दुसऱ्याच साधनाने हाती घेतले होते.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर केलेले संभाषण हे या देशातील पहिले मानले जाते. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर पडे, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले, तेव्हा कोठे हे यंत्र सामान्य माणसाच्या खिशात शिरले. मग फोनची 'वाट पाहणे' ही एक स्वतंत्र प्रथाच सुरू झाली. ॲपलचा आयफोन अमेरिकेत जून २००७ मध्ये विक्रीस आला, भारतात ऑगस्ट २००८ मध्ये. २०१४ साली शाओमीचा फोन फ्लिपकार्टवर तासाभराच्या आत संपला. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या स्मार्टफोनची जाहिरात झाली, तेव्हा नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. फोन मात्र बहुतेकांनी पाहिलाही नाही. पुढच्या वर्षी पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर जिओफोन आला आणि लाखोंनी गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील ॲपलच्या दुकानापुढे लोक आदल्या दिवसापासून रांगेत उभे होते. ही सारी उतावीळ हास्यास्पद आहे, असे म्हणणे सोपे आहे. पण २५१ रुपयांच्या त्या रांगेत हौसेपेक्षा गरज अधिक होती, हे विसरता कामा नये.

आता वेगाचा हिशेब पाहू. पाच एमबीचे एक गाणे घ्या. टूजीच्या काळात सेकंदाला चाळीस किलोबिट एवढा वेग मिळाला, तर ते उतरवून घेण्यास सुमारे सतरा मिनिटे लागत. फोरजीवर दहा मेगाबिट मिळाले, तर चार सेकंद. फाइव्हजीवर दोनशे मेगाबिट मिळाले, तर सेकंदाचा पाचवा हिस्सा. जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने लहरींचा लिलाव केला, त्यात दीड लाख कोटी रुपयांवर बोली गेली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीत फाइव्हजीचा प्रारंभ झाला, आणि पुढील दोन वर्षांत देशातील बहुतेक जिल्ह्यांत ती पोचली. जिल्ह्यात पोचली म्हणजे मात्र गावात पोचली असे नव्हे.

याचे कारण यंत्रात आहे तसेच झाडीतही आहे. फाइव्हजीच्या ज्या लहरींवर मोठा वेग मिळतो त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील. त्या फार दूर जात नाहीत, आणि ओल्या पानांची दाटी त्यांना शोषून घेते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, झाडीतून वाट काढतात, पण त्यांच्यावर वेग कमी मिळतो. म्हणून पावसाळ्यात, जेव्हा जंगल सर्वांत हिरवे असते, तेव्हा रेंज सर्वांत रोडावते. शिवाय मनोऱ्याला मागून फायबरचा आधार हवा. ती फायबर जंगलातून न्यायची तर खोदाईची परवानगी हवी. वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी काही तासांची सोबतीण. फोनच्या खोक्यावर लिहिलेला 'फाइव्हजी' हा शब्द फोनची पात्रता सांगतो, गावाची नव्हे. त्या वयस्क गृहस्थांना हे भौतिकशास्त्र ठाऊक नव्हते, पण प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता.

पूर्वेस वैनगंगेपलीकडे, १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, या प्रश्नाला रक्ताची किनार आहे. तेथे माओवाद्यांनी मोबाईलचे मनोरे जाळल्याच्या घटना वारंवार घडल्या. मनोऱ्यावरून पोलिसांना खबर जाते, हा त्यांचा आक्षेप. चिंचगुंडीची आठवण येते, पण दोहोंत फरक आहे. १८५८ ची तार गावकऱ्याच्या कामाची नव्हती; आजचा मनोरा जळला म्हणजे बाळंतिणीसाठी १०८ ची गाडी बोलावण्याचे साधनच जळते. नक्षलग्रस्त भागांसाठी सरकारने २०१४ साली मनोऱ्यांची योजना मंजूर केली ती टूजीची. त्यांपैकी २,३४३ ठिकाणी फोरजी आणण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये देशातील २४,६८० गावांना फोरजी देण्याची, २६,३१६ कोटी रुपयांची आणखी एक योजना मंजूर झाली. म्हणजे शहरे पाचव्या पिढीच्या उंबरठ्यावर असताना ही गावे चौथीच्या यादीत चढत होती.

कोणी म्हणेल, खेड्याला एवढा वेग हवाच कशाला? पूर्वी हे म्हणणे कदाचित खपले असते. आज सरकारनेच आपला कारभार फोनवर नेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि ते मुदतीत वर चढवायचे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाईलवरून घेणे सक्तीचे झाले. हजेरी चढली नाही तर मजुरीचा घोटाळा. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांचे वर्ग फोनमध्ये शिरले, आणि ज्यांच्याकडे रेंज नव्हती ती मुले वर्गाबाहेर राहिली.

आणि आमच्याकडे वाघ आहे. ब्रह्मपुरी वनविभागातील गावांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. निंदणीचे दिवस होते. गावालगतच्या बांधीत सकाळी सातच्या सुमारास वाघ दिसला. कोणीतरी लगेच त्याचे छायाचित्र काढून गावच्या गटावर धाडले. माझ्या घरच्या बाया त्याच अंगाला कामावर होत्या. ते छायाचित्र माझ्या फोनवर उमटले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बाया भाकरी खाऊन परत कामाला लागल्या होत्या. सुदैवाने काही घडले नाही. माझा फोन त्या वर्षी बाजारात आलेल्यांपैकी चांगल्यातला होता. पाच तास तो माझ्या खिशात होता आणि पाच तास त्याला काहीच ठाऊक नव्हते. पानिपतची बातमी ज्यांना उशिरा कळली त्यांच्या मनःस्थितीची पुसटशी कल्पना मला त्या दिवशी आली.

त्या दुकानातील मुलांना मी हे काही सांगितले नाही. नव्या फोनची त्यांची ओढ मला खोटी वाटत नाही. १९०८ साली याच गावी पहिली गाडी पाहावयास जमलेल्यांत अशीच मुले असणार. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया भरतील, वडशाच्या नाटक मंडळ्या रात्रभर खेळ करतील, आणि मागच्या रांगेतून शेकडो फोन उंचावून चित्रण होईल. त्यातील किती चित्रणे त्या रात्री गावाबाहेर जातील, हे मनोऱ्यावर अवलंबून. फोन विकत घेता येतो, मनोरा मागावा लागतो. ग्रामसभेच्या ठरावांत रस्ता, पाणी, वीज यांच्या जोडीला आता तोही लिहिला जावा, आणि तो लिहिण्यास या मुलांनीच पुढे यावे. आकडे त्यांना पाठ आहेतच.

मी उठलो तेव्हा ते वयस्क गृहस्थ अद्याप दुकानातच होते. दुकानदाराने त्यांच्या हाती एक फोन दिला होता आणि ते तो घेऊन दारात, रस्त्याच्या कडेला उभे होते. पडद्यावरच्या रेघा ते एक एक करून मोजत होते.