बिघाडाची नोंद आणि यंत्राची निगा

१

यंत्रयुगाचा इतिहास बहुधा शोधकांच्या आणि कारखानदारांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाफेचे इंजिन कोणी सुधारले, पहिली गिरणी कोठे उभी राहिली, याविषयी विपुल माहिती मिळते. परंतु एकदा उभे केलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते कसे ठेवले गेले, याचा विचार इतिहासलेखनात क्वचितच आढळतो. अलीकडे कारखान्यांतील यंत्रसामग्रीची व्यवस्था आकडेवारीच्या आधारे पाहण्याच्या पद्धतीस मोठे महत्त्व आले आहे. यंत्रावर बसविलेली उपकरणे कंप, उष्णता, दाब यांची मोजमापे अखंड पाठवीत असतात, आणि संगणक त्यांवरून पुढील बिघाडाचे भाकीत करतो. या पद्धतीचा उगम संगणकात आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिचा पाया कागदी नोंदवह्यांत घातला गेला. आणि तो घालताना सर्वांत अवघड ठरलेला प्रश्न मोजमापाचा नसून ‘बिघाड’ कशास म्हणावयाचे, हा होता. या प्रश्नाचा मागोवा विसाव्या शतकातील काही प्रसंगांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्राच्या निगेविषयीची जुनी कल्पना साधी होती. वापरातली प्रत्येक वस्तू वयाबरोबर झिजते. ती मोडण्यापूर्वीच उघडून दुरुस्त केली, तर मोडणार नाही. ही कल्पना अगदीच निराधार होती असे नव्हे. जर्मनीत ऑगुस्ट व्योलर यांनी इ. स. १८५८ ते १८७० या काळात प्रसिद्ध केलेल्या रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांनी असे दाखविले होते की, एका वेळी सहज पेलला जाणारा भारही पुनःपुन्हा पडत राहिला तर धातू थकतो व अखेरीस तुटतो. एकच एक काम करणाऱ्या साध्या भागाचे आयुष्य त्यावर भार किती व किती वेळा पडतो यावर अवलंबून असते, हे यावरून सिद्ध झाले. मात्र पुढे हाच न्याय शेकडो भाग एकत्र जोडलेल्या गुंतागुंतीच्या यंत्रांनाही सरसकट लावण्यात आला. ठराविक मुदतीने यंत्र पूर्णपणे उघडावे, स्वच्छ करावे, झिजलेले भाग बदलावेत व ते पुन्हा जोडावे, ही ‘ओव्हरहॉल’ची रीत सर्वमान्य झाली. जितकी मुदत आखूड तितकी सुरक्षितता अधिक, हे गृहीत तपासून पाहण्याची आवश्यकता दीर्घकाळ कोणास वाटली नाही.

२

या गृहीतास पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. अटलांटिक महासागरावर गस्त घालून जर्मन पाणबुड्यांचा शोध घेण्याचे काम ब्रिटिश हवाई दलाच्या ‘कोस्टल कमांड’ या विभागाकडे होते. इ. स. १९४१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या नेतृत्वाखाली या विभागात शास्त्रज्ञांचे एक पथक स्थापन झाले. युद्धकार्यातील प्रश्नांचा उपलब्ध नोंदींच्या आधारे अभ्यास करावयाचा, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. या पथकात जीवशास्त्रज्ञही होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भ्रूणविज्ञानाचे अभ्यासक कॉनरॅड वॉडिंग्टन आणि आनुवंशशास्त्रज्ञ सेसिल गॉर्डन हे त्यांपैकी होत. विमानांच्या इंजिनांशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. असंख्य व्यक्तींच्या समूहाकडे एकत्र पाहण्याची सवय मात्र त्यांना होती.

त्या वेळी प्रत्येक तुकडीतील विमानांचा एक ठराविक हिस्सा उड्डाणास सदैव सज्ज असला पाहिजे, असा दंडक होता. वरवर पाहता तो निर्दोष वाटतो. गॉर्डन यांनी त्यातील विसंगती उघड केली. उडालेले विमान आज ना उद्या दुरुस्तीस येणारच. तेव्हा सज्ज विमानांचे प्रमाण उंच राखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे विमाने न उडविणे. ज्या मापाने तुकडीची कार्यक्षमता ठरविली जात होती, ते माप कामाऐवजी कामाच्या अभावास बक्षीस देत होते. उपलब्ध मेकॅनिकांच्या श्रमातून उड्डाणाचे किती तास निघतात, हे मोजावे आणि त्यानुसार उड्डाणे व दुरुस्ती यांची आखणी एकत्रच करावी, असे त्यांनी सुचविले.

दुसरा शोध याहून अनपेक्षित होता. लिबरेटर जातीच्या विमानांची दर ५० उड्डाणतासांनी तपासणी होत असे. या दोन तपासण्यांच्या दरम्यान अचानक उद्भवलेल्या दुरुस्त्या नोंदवहीत टिपलेल्या होत्याच. वॉडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तपासणीनंतर किती तासांनी उद्भवल्या, या क्रमाने नव्याने मांडल्या. प्रचलित समजुतीप्रमाणे तपासणी होताच बिघाडांचे प्रमाण सर्वांत कमी आणि पुढील तपासणी जवळ येईल तसे ते वाढत गेलेले दिसावयास हवे होते. आलेख उलटाच निघाला. तपासणीनंतर लगेच बिघाडांचे प्रमाण सर्वांत अधिक होते, आणि पुढील तासांत ते उतरत जाई. याचा अर्थ असा की, सुरळीत चालणारी व्यवस्था उघडताना व पुन्हा जोडताना तीत नवे दोष शिरत होते. यंत्र निगेअभावी बिघडते हे सर्वांस ठाऊक होते. निगेमुळेही बिघडते, हे नोंदींनी प्रथमच सांगितले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. या निष्कर्षासाठी नवे उपकरण लागले नाही, की नवी माहिती गोळा करावी लागली नाही. मेकॅनिकांनी ज्या नोंदी रोजचे कर्तव्य म्हणून केल्या होत्या, त्याच निराळ्या प्रश्नाने वाचल्या गेल्या. या कार्याचा वॉडिंग्टन यांनी युद्धानंतर लिहिलेला वृत्तांत गोपनीयतेमुळे दीर्घकाळ बाहेर येऊ शकला नाही. तो ग्रंथरूपाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत अमेरिकेतील नागरी विमानवाहतूक दुसऱ्या मार्गाने अशाच निष्कर्षाप्रत येऊन पोहोचली होती.

३

इ. स. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन विमानकंपन्यांचा देखभालीचा खर्च भरमसाट वाढला. तथापि काही प्रकारचे इंजिनबिघाड, ओव्हरहॉलची मुदत कितीही आखूड केली तरी, कमी होईनात. तेव्हा १९६० मध्ये तेथील नागरी विमानवाहतूक नियंत्रक संस्था व विमानकंपन्या यांच्या प्रतिनिधींचा एक अभ्यासगट नेमण्यात आला. त्याचे दोन निष्कर्ष पुढे मूलभूत ठरले. एखाद्या गुंतागुंतीच्या यंत्राला बिघाडाचा एकच प्रमुख प्रकार नसेल, तर ठराविक मुदतीच्या ओव्हरहॉलने त्याच्या विश्वसनीयतेत फारसा फरक पडत नाही, हा पहिला. आणि ज्यांना नियतकालिक देखभालीचा कोणताही प्रकार परिणामकारक ठरत नाही असे अनेक भाग असतात, हा दुसरा.

या विचारातून १९६८ मध्ये बोइंग ७४७ विमानाच्या देखभालीची नवी पद्धत आखली गेली. पुढे युनायटेड एअरलाइन्समधील स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या १९७८ च्या अहवालात तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. या अहवालात विमानाच्या भागांच्या बिघाडांचे वयानुसार सहा आकृतिबंध दिलेले आहेत. वय वाढेल तसा बिघाडाचा संभव निश्चितपणे वाढत जातो, असे तीन आकृतिबंध मिळून केवळ ११ टक्के भागांना लागू पडतात. उरलेल्या ८९ टक्के भागांसाठी वयोमर्यादा ठरवून काहीच साधत नाही. त्यांतही ६८ टक्के भाग असे आढळले की, त्यांचा बिघाडाचा संभव नवेपणीच सर्वांत अधिक असतो आणि नंतर तो उतरून स्थिर होतो. असा भाग मुदत भरली म्हणून बदलणे म्हणजे आयुष्यातील धोक्याचा काळ ओलांडलेला भाग काढून तेथे तो काळ अद्याप न ओलांडलेला भाग बसविणे होय.

या विचाराचे व्यावहारिक फळ त्याच अहवालात नोंदविलेले आहे. डीसी-८ विमानाच्या आरंभीच्या कार्यक्रमात ३३९ भागांना ठराविक मुदतीचे ओव्हरहॉल सांगितलेले होते. नव्या पद्धतीने आखलेल्या डीसी-१० च्या कार्यक्रमात अशा भागांची संख्या ७ वर आली. रचनेच्या मोठ्या तपासण्यांची मूळ मुदत २०,००० उड्डाणतासांपर्यंत नेईपर्यंत डीसी-८ वर ४० लाखांहून अधिक मनुष्यतास खर्ची पडले होते. त्याहून कितीतरी मोठ्या बोइंग ७४७ वर ६६,००० मनुष्यतास पुरले.

परंतु ही काटकसर केवळ आकडेमोडीतून आलेली नाही. प्रत्येक भागाचे कार्य कोणते, ते कोणत्या प्रकारे बंद पडू शकते, आणि बंद पडल्यास परिणाम काय, हे प्रश्न आधी विचारले गेले. त्यासाठी ‘बिघाड’ या एका शब्दाखाली मोडणाऱ्या अवस्था वेगळ्या कराव्या लागल्या. यंत्र आपले कार्य करीनासे होणे ही एक अवस्था. ते होऊ घातले आहे असे दर्शविणारे ओळखण्याजोगे लक्षण दिसू लागणे ही त्यापूर्वीची दुसरी. मराठीच्या रोजच्या वापरात हा भेद पूर्वीपासून आहे. यंत्र ‘बिघडले’ आणि यंत्र ‘बंद पडले’ ही दोन विधाने कोणताही अनुभवी फिटर एकाच अर्थाने करीत नाही. बिघडलेले यंत्र पुष्कळदा चालूच असते.

या पूर्वावस्थेची लक्षणे मोजण्याचे प्रयत्न आधीच सुरू झालेले होते. विमा कंपनीत अभियंता असलेल्या टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्ये फिरत्या यंत्रांचा कंप आणि त्यांची अवस्था यांचा संबंध दाखविणारी कोष्टकवजा मर्यादा प्रसिद्ध केली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४० नंतरच्या दशकात इंजिनातील वंगणतेलाचे वर्णपटाने पृथक्करण करून, त्यात आलेल्या धातूंच्या अंशांवरून आतील झीज ओळखण्यास आरंभ केला. इ. स. १९६५ मध्ये कूली व टुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या गणितपद्धतीमुळे कंपाचे त्याच्या घटक वारंवारतांत पृथक्करण करणे संगणकास सुलभ झाले. तेव्हापासून, बेअरिंग घासत आहे की दात्यांचे चाक झिजले आहे, हे यंत्र न उघडता सांगण्याची शक्यता पुष्कळच वाढली. वॉडिंग्टन यांच्या आलेखाने जी हानी दाखविली, ती टाळण्याचा मार्ग असा सापडला.

४

असे असले तरी हा इतिहास अखंड प्रगतीचा नाही. नोलन व हीप यांचा अहवाल बाहेर पडून सहा महिनेही झाले नव्हते, तोच २५ मे १९७९ रोजी शिकागो येथे अमेरिकन एअरलाइन्सचे एक डीसी-१० विमान उड्डाण करीत असताना त्याचे डावे इंजिन आधारासह निखळले. विमान कोसळून २७३ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत असे निष्पन्न झाले की, देखभालीच्या वेळी इंजिन व त्याचा आधार सुटे न करता एकत्रच उतरविण्याची श्रम वाचविणारी रीत अवलंबिली गेली होती, आणि तीत आधाराच्या रचनेला तडा गेला होता. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, तशाच प्रकारचे नुकसान दुसऱ्या एका विमानकंपनीत त्यापूर्वी दोनदा आढळून दुरुस्तही झाले होते. परंतु ते देखभाल करताना झालेले नुकसान होते; नियमानुसार कळविण्याजोगा ‘बिघाड’ म्हणून ते धरले गेले नाही. परिणामी त्याचा धोका इतरांस वेळीच उमगला नाही. माहिती अस्तित्वात होती, मोजमाप झालेले होते; तिला योग्य नाव मात्र मिळालेले नव्हते.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. गणितज्ञ हॉवर्ड रेस्निकॉफ यांनी १९७८ मध्येच ती दाखवून दिली होती. ज्या बिघाडात मनुष्यहानी संभवते, त्याचीच माहिती सर्वाधिक हवी असते. आणि तोच बिघाड वारंवार घडू देणे कोणासही मान्य होणार नाही. निगा जितकी यशस्वी, तितका तिच्या अभ्यासाचा पुरावा कमी. आजच्या संशोधनातही हा पेच कायम आहे. यंत्राचे उर्वरित आयुष्य वर्तविण्याच्या पद्धती पारखण्यासाठी संशोधकांनी अतिशय वापरलेला एक माहितीसंच अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००८ मध्ये उपलब्ध करून दिला. त्यातील इंजिने संगणकात कल्पिलेली आहेत. खऱ्या इंजिनांचे शेवटपर्यंतचे वृत्तान्त पुरेशा संख्येने मिळणे कठीण असते, हेच त्यामागील एक प्रमुख कारण होय.

यांपैकी पहिल्या उणिवेवर एक उपाय नामव्यवस्थेच्या मार्गाने झाला. उत्तर समुद्रातील तेल उत्पादनाच्या संदर्भात नॉर्वेच्या पुढाकाराने १९८१ मध्ये ‘ओरेडा’ हा प्रकल्प सुरू झाला आणि निरनिराळ्या कंपन्यांचे बिघाड एका सामाईक पद्धतीने नोंदविले जाऊ लागले. या अनुभवाच्या आधारे १९९९ मध्ये आयएसओ १४२२४ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. उपकरणाची सीमा कोठे सुरू होते व कोठे संपते, बिघाडाचा प्रकार कोणता, त्याचे कारण कोणते, तो कसा लक्षात आला, याची ठरलेली वर्गवारी त्यात दिलेली आहे. एका अर्थी हा पारिभाषिक कोशच आहे. त्यावाचून दोन कारखान्यांच्या नोंदींची बेरीज करता येत नाही.

सारांश, आकडेवारीवर आधारलेल्या देखभालीने मिळविलेले प्रत्येक मोठे यश कोणी तरी रूढ मापाविषयी शंका घेतल्यामुळे किंवा रूढ शब्दाचे अर्थ वेगळे केल्यामुळे मिळालेले आहे. गॉर्डन यांनी ‘सज्ज’ या शब्दाची उलटतपासणी केली, नोलन व हीप यांनी ‘बिघाड’ या शब्दाची. आणि शिकागो येथे ज्या तपासणीची गरज होती, ती वेळेवर झाली नाही. संगणकाची शक्ती आज कितीही वाढलेली असो, त्याच्यापर्यंत पोहोचणारी नोंद अद्याप पुष्कळ ठिकाणी पाळी संपताना, थकलेल्या हाताने लिहिली जाते. त्या ओळीत ‘दुरुस्त केले’ एवढेच शब्द असतील, तर काय बिघडले होते व कशामुळे, हे त्यातून पुढे कोणतीही गणितपद्धत काढू शकणार नाही. म्हणून फिटरच्या त्या एका ओळीस या इतिहासात मूळ साधनाचे स्थान द्यावे लागते.