चंदनाचा रोग आणि सरावलेला डोळा

१८९९ साली कोडगूच्या जंगलात चंदनाची काही झाडे विचित्र दिसू लागली. पाने बारीक, ताठ, खिळ्यांसारखी उभी, फुले-फळे बंद, दोन-तीन वर्षांत झाड मरे. ‘स्पाइक’ रोगाची ही पहिली नोंद. १९१७ साली म्हैसूर संस्थानचे लेस्ली कोलमन यांनी तो कलमातून संक्रमित होतो हे दाखवले. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यावर अनेक वर्षे संशोधन झाले. मात्र पेशीभित्तिका नसलेला त्याचा सूक्ष्म कारक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो थेट १९६९ मध्ये. सत्तर वर्षे! तोवर रानात निदान करायचे ते सरावलेल्या डोळ्याने.

असा डोळा वर्गात घडत नाही. डेहराडूनला १८७८ मध्ये वनविद्यालय निघाले, तेव्हापासूनच शिक्षणाचा मोठा भाग जंगलातील छावण्यांत होई. आज वनशास्त्राच्या पदवीच्या अखेरच्या वर्षी ‘वनकार्यानुभव’ असतो: विद्यार्थी वनविभागात, रोपवाटिकांत, लाकूड-उद्योगांत प्रत्यक्ष राबतात. बंगळुरूच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने १९९५ साली वनमहाविद्यालय काढले ते राजधानीत नव्हे, पोन्नमपेटला, म्हणजे कोडगूतच. जागेची ही निवड स्पाइकमुळे झाली नसेलही. पण तेथील विद्यार्थ्याला रोगट चंदन ओळखायला पुस्तकातील चित्रावर विसंबावे लागत नाही.