पॅरा अल्पाइन स्कीइंग (महिला)

बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत कमीत कमी वेळात खाली पोचण्याची शर्यत. पायाने दिव्यांग स्त्रिया ती उभ्याने किंवा बसून खेळतात. एकाच पायावर उतरणारीच्या हातांत आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की बसवलेल्या कुबड्या असतात. गुडघ्याखाली पाय नसेल तर कृत्रिम पाय लावून दोन स्की वापरता येतात. उभे राहणे शक्य नसलेल्यांसाठी मोनोस्की असते : एका स्कीवर बसवलेले आसन.

खेळाचा उगम दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांमध्ये आहे. १९७६ साली स्वीडनमध्ये पहिल्या हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. त्यांत स्लालम आणि जायंट स्लालम हे खांबांमधून वळणे घेण्याचे प्रकार होते. अधिक वेगाच्या शर्यतींपैकी डाउनहिल १९८४ मध्ये आली, सुपर-जी १९९४ मध्ये. पूर्वी दिव्यांगत्वाच्या प्रत्येक वर्गाची शर्यत वेगळी होई आणि काही शर्यतींत मोजक्याच खेळाडू उरत. २००६ पासून उभ्याने, बसून आणि दृष्टिबाधित असे तीनच गट आहेत. खेळाडूच्या प्रत्यक्ष वेळेला तिच्या वर्गाच्या गुणकाने गुणतात, गुणक ०.९ असेल तर १०० सेकंदांचे ९० धरले जातात. त्यामुळे घड्याळावर जिची वेळ सर्वांत कमी दिसते तीच जिंकली असे नसते.

या खेळाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेच्या डायना गोल्डनने. कर्करोगामुळे बाराव्या वर्षी तिचा उजवा पाय कापावा लागला. सर्वसाधारण स्पर्धांत उतरण्याचा क्रमांक उशिरा लागला की आधीच्या खेळाडूंच्या दोन-दोन स्कींनी मार्गावर खोल चर पडलेले असत, आणि एका पायाला ते घातक. दिव्यांग खेळाडूंना आधीचा क्रमांक मिळावा, हा तिचा आग्रह १९८५ मध्ये मान्य झाला. तो ‘गोल्डन रूल’ म्हणून ओळखला जातो. ही सवलत नव्हे, समान मैदानाची मागणी होती. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमधील प्रदर्शनीय जायंट स्लालम तिने जिंकला. २००१ मध्ये तिचे निधन झाले. लहानपणी शेतावरील अपघातात पाय गमावलेल्या जर्मनीच्या राइनहिल्ड म्योलरने हिवाळी पॅरालिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदके मिळवली.

२०२२ च्या बेजिंग स्पर्धेपर्यंत भारताचा एकही खेळाडू, स्त्री वा पुरुष, हिवाळी पॅरालिंपिकमध्ये उतरला नव्हता. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या उन्हाळी पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवण्याखेरीज स्लालमच्याही अंतिम फेरीत पोचले होते. मात्र तो चाकाच्या खुर्चीवरचा स्लालम, बर्फाशी संबंध नसलेला.