नाडी, बटण आणि मोहताजी

आमच्या घरांतली म्हातारी माणसं एक दुआ हमखास मागतात : अल्लाह, हातपाय चालते असतानाच उचल, कुणाचा मोहताज करू नकोस. मोहताजी फक्त पैशाची नसते. सलवारची नाडी स्वतःला बांधता न येणं हीसुद्धा मोहताजीच आहे. बादशहांच्या अंगरख्यांची वर्णनं इतिहासात भरपूर सापडतात. पण लुळ्या हाताच्या माणसाने तो अंगरखा कसा चढवायचा, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मी उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची पायाभरणी केली. उजाडून आलेल्या या लोकांनी मिळेल तो धंदा उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद त्यातूनच जन्मला. आज हे जीन्सचं आणि शिलाईचं शहर आहे.

उल्हासनगर आकार घेत होतं, त्याच काळात मुंबईत परळला आणखी एक काम सुरू झालं. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. लग्नाआधीचं नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी १९५० मध्ये केईएम हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. ही भारतातली पहिली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. या विद्येचा गाभा साधा आहे : खाणं, आंघोळ, कपडे ही रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतः करता यावीत.

अब्बांना लकवा झाला तेव्हा एका तरुण थेरपिस्ट मुलीने आम्हाला एकच नियम पाठ करायला लावला : घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. इतकी वर्षं आम्ही त्यांचा चांगला हात आधी बाहीत घालायला गेलो असतो. या एका नियमाने अर्धी झटापट संपली. वुजूसाठी बाही वर करणं उरलंच होतं. मनगटाचं बटण काढून तिथे इलॅस्टिक लावलं आणि तेही सुटलं.

साधनांचा इतिहासही गमतीचा आहे. बटण ओढायचा आकडा एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घराघरांत होता. बुटांची आणि हातमोज्यांची बारीक बटणं लावायला. ती फॅशन गेली, पण संधिवाताने आखडलेल्या बोटांसाठी आकडा टिकला. वेलक्रो, ज्याला आपण चिकटपट्टी म्हणतो, स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास हेलन कुकमन यांनी अपंगांसाठी 'फंक्शनल फॅशन्स' हे लेबल सुरू केलं. पुढे लिव्हाईजने दोन्ही बाजूंना लांब झिप असलेली जीन्स त्याच लेबलाखाली काढली. पायाला कॅलिपर असेल तरी ती चढवता येते.

आपल्या पोशाखातही सोय आहेच. लुंगीला ना पाय ओवायचे, ना बटण. समोरून उघडणारा बुरखा डोक्यावरून घालाव्या लागणाऱ्या बुरख्यापेक्षा सोपा. उलट, अरुंद गळ्याचा कुर्ता खांदा आखडलेल्या माणसाला छळतो. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्याला जीन्सची मागची जाड शिवण आणि खिसे टोचतात; पायांत संवेदना नसेल तर कळतही नाही आणि जखम होते.

आपल्याकडे सतर झाकण्याला केवढं महत्त्व! मग ज्याला ते स्वतः झाकता येत नाही, त्याच्या लाजेचा विचार कुणी करायचा? सून नाडी बांधते तेव्हा सासऱ्याची नजर कुठे जाते, हे ज्या घरात आजारी माणूस आहे त्यालाच ठाऊक.

या शहरात हजारो मशीन चालतात. नाडीऐवजी इलॅस्टिक, बाहेरून बटण आणि आत चिकटपट्टी, विजारीच्या बाजूला झिप, झिपच्या टोकाला बोट अडकेल असं कडं. यातलं काहीही कारागिराला अवघड नाही. मागणाराच पुढे येत नाही, कारण घरातली अडचण दुकानात सांगायची लाज वाटते. पुढच्या ईदला घरातल्या म्हाताऱ्यांचे कपडे शिवायला टाकाल, तेव्हा मापासोबत शिंप्याला एवढंही सांगा : यांना ते स्वतः घालता आले पाहिजेत.